मुठीने दात काढून मिळतील

जालना,
२८ जुलै १९४१

ती. दाजींस त्रिंबकचा नमस्कार. दोन्ही हात जोडले आहेत, पण उजवा जरा कमी जोडलाय असं समजा, कारण अंगठा दुखतो.

थट्टा करत नाही. तुमच्या सुलतानबाजारातल्या दवाखान्यात तुमच्या हाताखाली शिकत होतो, तेव्हा तुम्ही म्हणायचात की दंतवैद्याला डोळे उसने मिळतात, चष्मा घातला की झालं, पण हात काही उसना मिळत नाही. ते आता पटायला लागलंय. दात खरवडायचं आपलं ते विलायती हत्यार, त्याची मूठ बोरूपेक्षा बारीक. दोघातिघांचे दात साफ केले की अंगठ्याच्या मुळाशी कळ उठते आणि कोपरापर्यंत चढते. परवा एका अडत्याची दाढ काढताना चिमटा निम्म्यातच हातातून निसटला. तो बिचारा तोंड उघडं ठेवून माझ्याकडं बघत राहिला आणि मी त्याच्याकडं. शेवटी डाव्या हाताचा आधार देऊन कशीबशी काढली. जाताना तोच मला म्हणाला, "डाक्टरसाब, तुमालाच लई तरास झाला. घरी जाऊन पडा जरा."

गावी तीर्थपुरीला आमच्या थोरल्या रखमाजीदादाच्या कानावर हे कसं गेलं देव जाणे. गेल्या बाजाराला आला आणि दारातूनच म्हणाला, "नांगराची मूठ चांगली जाड असती, ती धर. तिला अंगठा लागत न्हाई, मनगट लागतंय." दिवाळीपर्यंत हात सुधारला नाही तर दवाखान्याला कुलूप लावून मी गावी यायचं, असं त्यानं परस्पर ठरवूनही टाकलंय. मी शेतीला कमी लेखत नाही, दाजी. पण मला दात आवडतात. रडत आलेला माणूस गाल चोळत, हसत परत जातो, ते मला नांगरामागं चालून कुठं बघायला मिळणार?

आता मुद्द्याचं. मुंबईच्या हत्यारवाल्या दुकानदाराचं पत्र तुम्हाला आलंच असेल. लढाईमुळं विलायती माल येईना, म्हणून तो इथंच हत्यारं घडवणार आहे, आणि दिवाळीच्या पाडव्याला साचे पाडायच्या आत जुन्याजाणत्या दंतवैद्यांची मतं मागवतोय. मला कोण विचारतो? मला एवढंच लिहिलं आहे की आपल्या गुरूंकडून मत मिळवून द्यावं. निजामाच्या मुलखात दातांच्या बाबतीत तुमचा शब्द चालतो. 'मूठ जाड करा' एवढी ओळ तुम्ही लिहिलीत तर माझा दवाखाना राहील. 'आहे ते बरं आहे' लिहिलंत तर पुढची वीस वर्षं बारीकच हत्यारं निघतील आणि मी बैलांचे दात मोजत बसेन.

तोवर मी स्वस्थ बसलेलो नाही. एका धनगराकडून शेळीच्या केसांची दोरी आणली आणि हत्याराच्या मुठीला घट्ट गुंडाळली. हाताला काय सुख वाटलं म्हणून सांगू! मग हत्यार उकळायला टाकलं. सगळ्या दवाखान्यात भिजलेल्या बोकडाचा वास सुटला. एक बाई उंबऱ्यातूनच नाकाला पदर लावून परत गेल्या.

अक्काला नमस्कार. उत्तर जल्दी धाडा.

तुमचा,
त्रिंबक

•

हैदराबाद,
९ ऑगस्ट १९४१

चि. त्रिंबकास इंद्रभानचे आशीर्वाद.

अक्षर तुझ्या बहिणीचं आहे हे तू ओळखलंच असशील. रोग्यांची रीघ एवढी की मला लिहायला हात मोकळा नाही. मी सांगतो, द्वारका लिहिते. (शब्दन् शब्द लिहिते. – द्वारका)

तुझं पत्र वाचून मला तुझी नव्हे, माझी काळजी वाटली. माझ्याकडं शिकलेला मुलगा हत्याराला शेळी गुंडाळतो हे लोकांना कळलं तर माझ्या दारात कोण येईल? अरे, बारीक मूठ उगाच केलेली नाही. दात कुठं किडका आहे, कुठं चिवट आहे, मूळ वाकडं आहे की सरळ, हे त्या बारीक मुठीतून बोटाला कळतं. जाड मुठीतून काय कळणार? रजईवरून नाडी बघण्यातला प्रकार तो.

तरी माझं एकट्याचं नको म्हणून इथल्या दंतवैद्य मंडळींना विचारलं. बद्रीनाथजी म्हणतात, असलं जाडजूड हत्यार हातात घेतलं की रोग्याला वाटेल हा खुरपायला आला. कारभारी तर भडकलाच. त्याचं म्हणणं, ज्याचा हात दुखत नाही त्यानं दात काढलेच नाहीत. पैलवानाचे कान मोडलेले असतात तसा दंतवैद्याचा अंगठा मोडलेला असायचाच. मला हे मत फार आवडलं. (हे बोलताना यांनी चहाचा कप डाव्या हातानं धरला होता.)

तुझा दोष मुठीत नाही, उभं राहण्यात आहे. कमरेत वाकून, मान तिरकी करून तू तळ्यातल्या बगळ्यासारखा रोग्याच्या तोंडात बघतोस. मी शंभरदा सांगितलं, खुर्ची वर घे, कोपर अंगाशी ठेव. द्वारका, एवढा वेळ काय लिहून राह्यलीस? मी इतकं बोललो का? हेही लिहिलंस? बरं, पुरे कर.

सहीच्या जागी शिक्का मारला आहे. नवा करून घेतला.

तुझा,
इंद्रभान (शिक्का)

•

जालना,
२२ ऑगस्ट १९४१

ती. दाजी,

पाकीट फोडलं, शिक्का दिसला आणि मी खुर्चीतून उभा राहिलो. वाटलं, जिल्ह्याच्या अव्वल तालुकदारसाहेबांचा हुकूम आला. मग आतला मजकूर वाचला आणि खात्री पटली की हुकूमच आहे. आता लिहायला माणूस, सहीला शिक्का! अक्का लिहिते की चहाही डाव्या हातानं घेता. उजव्या हातात तेव्हा कुणाची तरी दाढ असणार. मोठ्या माणसांचं असंच असतं, आम्ही जालन्याची गरीब माणसं दोन्ही हातांनी चहा पितो.

रजईचं मात्र मनाला लागलं. म्हणून शेळी सोडली आणि तांबटाकडं गेलो. त्याच्याकडून पितळेची पातळ पोकळ नळी करून घेतली, चांगली अंगठ्याएवढी जाड, आणि हत्याराच्या दांडीवर चढवून घेतली. दाढेच्या चिमट्यालाही दोन्ही बाजूंनी तसंच कवच बसवलं. जाड आहे, पण आत नुसती हवा, त्यामुळं हाताला भार नाही. ओल्या हातातून निसटू नये म्हणून वर बारीक खाचा पाडल्या. उकळलं तर वास नाही. आणि दाजी, पोकळ असल्यामुळं दाताची खरखर उलट जास्त कळते. आठ दिवस झाले, अंगठ्याची कळ कोपराच्या अलीकडंच थांबते.

इथंवर बरं होतं. मग आनंदाच्या भरात मी पाटी रंगवायला दिली: 'नव्या जाड मुठीने दात बिनत्रास काढून मिळतील.' रंगाऱ्याचा जागेचा अंदाज चुकला आणि 'मुठीने' हा शब्द त्यानं मधोमध, सगळ्यात मोठा, लाल रंगात काढला.

बाजाराच्या दिवशी बाकावर माणूस नाही. समोरच्या बाजूला मात्र घोळका उभा, पाटीकडं बघून कुजबुजतोय. दुपारी एक शेतकरी आत आला. भुजंग नावाचा, अंबडकडचा.

"डाक्टर तुमीच का?"

"हो. कोणता दात दुखतो?"

"दात बिलकुल बराबर हायेत. काम भाऊबंदाचं हाय. त्यानं माझा बांध कोरलाय. त्याच्यावर मारायची."

"काय मारायची?"

"मूठ."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "बाबा, मी करणी करत नाही. ही हत्याराची मूठ आहे."

"हत्यारावर मंतरलेली? मंग तर लई जल्दी लागत असंल."

त्याला चिमटा दाखवला तर दोन पावलं मागं सरला आणि लांबूनच हात जोडले. जाताना विचारतो, "परगावी मारायचा खर्चा जादा पडतो का?" तेव्हापासून ज्यांचे दात दुखतात ते येत नाहीत, आणि जे येतात त्यांचे दात दुखत नाहीत. दादानं ऐकलं तर आजच गाडी जुंपून येईल. काहीतरी सुचवा.

तुमचा,
त्रिंबक

•

हैदराबाद,
२ सप्टेंबर १९४१

चि. त्रिंबकास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसता हसता मला ठसका लागला. (खरं आहे. फार दिवसांनी हे हसले.) बद्रीनाथजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, धंदा चांगला आहे, दातापेक्षा भावकी जास्त दुखते.

उपाय अगदी सोपा आहे. शब्द बदल. 'मूठ' पूस आणि 'दांडा' लिही. दांड्यानं कुणी करणी केल्याचं मी ऐकलेलं नाही.

पितळेच्या नळीचं म्हणशील तर तुझं कौतुक आहे, पण माझं मत बदलत नाही. लोहार, तांबट, कल्हईवाला, सगळ्यांना दवाखान्यात आणून बसवशील आणि शेवटी दात कोण काढणार? मुंबईला 'हत्यारे आहेत तशीच ठेवावीत' असंच मी कळवणार. मजकूर डोक्यात तयार आहे. फक्त तो दुकानदार चिकित्सक निघाला. म्हणतो, मत तुमच्या स्वतःच्या हातचं लिहिलेलं हवं, शिक्का चालणार नाही. फावलं की लिहून टाकीन. (फावत नाही.)

दिवाळीनंतर तू गावी गेलास तर वाईट वाटेल, हे मात्र खरं. माझ्या हाताखालून गेलेल्यांत तुझा हात चांगला होता. हे लिहू नकोस, द्वारका. (लिहिलं.)

तुझा,
इंद्रभान (शिक्का)

•

हैदराबाद,
५ सप्टेंबर १९४१

त्रिंबक,

हे पत्र मीच सांगते आणि मीच लिहिते. हे बद्रीनाथजींकडं गेलेत, तेवढ्या वेळात टपालात पडलं पाहिजे.

मी कंसात एवढं लिहिते आणि तू त्याचे विनोद करतोस. अरे, यांचा उजवा हात गेलाय. म्हणजे आहे जागच्या जागी, पण पेन धरत नाही, कप धरत नाही, सदऱ्याची गुंडी लावत नाही. तुझा अंगठा नुसता दुखतो, यांची बोटं बधिर होतात. संक्रांतीपासून चाललंय. रोग्यांची रीघ वगैरे काही नाही. कुणी आलं की सांगतात, हत्यारं उकळायला टाकलीत, उद्या या. संक्रांतीपासून हत्यारं उकळून राह्यलेत. आतापर्यंत शिजली असती.

जाड मुठीला नको म्हणतात ते मुठीसाठी नाही. हो म्हटलं तर लोक विचारतील, इंद्रभानजी, तुम्हाला कशाला लागते? तेवढा एक प्रश्न कुणी विचारू नये म्हणून हा सगळा खटाटोप, तो शिक्काही त्यासाठीच. मला राग येतो आणि मग रात्री जेवताना घास सांडलेला दिसला की राग राहत नाही.

आता माझं. माझी डावी दाढ आषाढापासून ठणकते. यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर यांना काढायला लागेल, आणि काढता आली नाही तर माणूस पार खचून जाईल. दुसऱ्याकडं गेले तर दंतवैद्याची बायको परक्या खुर्चीत बसली म्हणून सुलतानबाजारभर होईल. म्हणून लवंग धरते आणि एका बाजूनं जेवते.

महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला इथल्या साऱ्या दंतवैद्यांच्या घरच्या आल्या होत्या. मी सहज विषय काढला. बद्रीनाथजींच्या दुर्गाबाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "खुरपायचं म्हनले ना? घरी कुलपात किल्ली फिरत न्हाई यांच्यानं. मी फिरवते." कारभाऱ्यांच्या उषाबाई म्हणाल्या, "आमचे पैलवान रोज संध्याकाळी अंगठा चोळून घेत्यात अन् वर म्हनत्यात, कुनाला बोलू नको." मग एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून तिसरी. तेलं कोणती, शेक कसला, सगळं निघालं. तेव्हा त्रिंबक, मत असं आहे: समस्त दंतवैद्य बारीक मुठीच्या बाजूचे आणि समस्त बायका जाड मुठीच्या. मुंबईवाल्यानं पत्रं चुकीच्या माणसांना घातली.

पाडवा आला. काहीतरी कर. पण मी सांगितलं हे यांना कळता कामा नये.

तुझी,
अक्का

•

जालना,
१८ सप्टेंबर १९४१

ती. दाजी,

तुमच्या सल्ल्याप्रमाणं 'जाड दांड्याने दात काढून मिळतील' अशी पाटी लावली. मूठवालं गिऱ्हाईक बंद झालं. एक म्हातारबाबा दारात उभे राहून एवढंच विचारून गेले, "दांडा एकदाच मारता का दोन डाव?" मग तहसील कचेरीतल्या एका कारकुनानं सुचवलं, मुठीला सरकारी उर्दू शब्द वापरा, 'दस्ता' लिहा. लिहिलं. लोकांना खलबत्त्यातला दस्ता आठवला. परिस्थिती अशी झाली की लोक म्हणायला लागले, त्यापरीस मूठ बरी, निदान लांबून तरी मारतात.

शेवटी मला तारलं ते एका करणीनंच. बदनापूरहून साळूबाई म्हणून एक बाई आगगाडीनं आली. गाल टोमॅटोसारखा सुजलेला, ओट्यात लिंबू. म्हणाली, "जावेनं मूठ मारली, गालावर बसलीया. तुमी मूठवाले, तुमीच उलटवा." मी वाद घातला नाही. म्हटलं, तोंड उघडा. दाढ पार कुजली होती. सुई टोचली, नव्या चिमट्यानं काढली आणि बशीत ठेवून दाखवली, "ही बघा, निघाली." तिनं बशीला नमस्कार केला आणि स्टेशनापर्यंत सांगत गेली, "समदी मूठ मुळासकट उपटली, अन् दुखलं न्हाई." आता बाकावर जागा नाही. बदनापूरहून तर जत्रा लोटलीये. मी पाटी उतरवून ठेवली आणि नुसतं 'दातांचा दवाखाना' लिहून मोकळा झालो.

आता तुमच्याकडं एक काम आहे. रामकिसन अडत्या कापसाच्या सौद्यासाठी तिकडं येतोय, त्याच्याबरोबर एक चिमटा धाडतो. पितळी कवचाचा, माझा स्वतःचा. यात काय दोष आहेत ते काढून द्या. माझं मत बाजूला ठेवा. उद्या एकसारखे शंभर चिमटे निघायचे असतील तर त्यातली खोट आधी कळलेली बरी, आणि तुमच्यासारखे दोष या मुलखात कुणी काढत नाही. माझ्यातले चार वर्षं काढत होता, तरी संपले नाहीत. अट एवढीच की हातात घेऊन, वापरून काढलेला दोष असला पाहिजे. लांबून मारलेली मूठ मी मानणार नाही.

त्यानंतर तुम्ही मुंबईला बारीक मुठीचं मत द्यायचं तर खुशाल द्या. मी या पाचसहा हत्यारांवर ढकलीन तेवढे दिवस ढकलीन, मग दादा आहेच.

नळीचा एक तुकडा उरला होता, फेकायला जिवावर आलं, म्हणून एका टाकावर चढवला. तोही धाडलाय. उपयोग नसला तर कुणालाही देऊन टाका.

तुमचा,
त्रिंबक

•

हैदराबाद,
३ ऑक्टोबर १९४१

चि. त्रिंबकास आशीर्वाद.

रामकिसननं पुडकं पोचवलं. तू दोष काढायला सांगितलेस म्हणून केवळ हातात घेतलं.

पहिला दोष, पितळ फार पिवळं आहे. रोग्याला वाटेल देवघरातून उचलून आणलं. दुसरा दोष, खाचा जरा उथळ आहेत, साबणाच्या हाताला पुरायच्या नाहीत. हा खरा दोष आहे, याची नोंद घे. तिसरा दोष, बोटं आपोआप जागेवर बसतात. मग शिकाऊ मुलाला हत्यार धरायला शिकवायचं काय आणि त्याला रागवायचं कशावरून? (परवापासून हातातून खाली ठेवलेला नाही. जेवताना मांडीवर होता.)

सुपारी धरून दाबून बघितली. सुपारी फुटली. पुन्हा धरली, ती पण फुटली. (डबा रिकामा झाला.) पण सुपारी म्हणजे दाढ नव्हे. तू वापरून बघा म्हणतोस. तुझ्या या उपद्व्यापासाठी मी कुणाच्या तोंडात हात घालू? लोक विश्वासानं येतात. आणि समजा, मधेच निसटला. समजा, अर्धवट राहिला. असा रोगी मला सांग, त्रिंबक, जो माझ्या हातून अर्धवट राहिलं तरी बाहेर जाऊन बोलणार नाही, आणि मला

(इथं मी टाक खाली ठेवते.)

•

हैदराबाद,
१० ऑक्टोबर १९४१

त्रिंबक,

मागचं पत्र अर्धवट आणि बिनशिक्क्याचं आलं म्हणून तू घाबरला असशील. तसंच टाकलं टपालात, कारण पुढं लिहायला कुणाला भान नव्हतं. आज तोंड पुरतं उघडायला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी टाक ठेवला, उठले आणि रोग्याच्या खुर्चीत जाऊन बसले. हे म्हणाले, "अगं, पत्र पुरं कर." मी तोंड उघडलं. यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग आरसा घेऊन जवळ आले, आत बघितलं आणि आरसा खाली ठेवला.

"कवापासून?"

"आषाढापासून."

"अन् मला सांगितलं न्हाई?"

"तुमी हाताचं सांगितलं का?"

खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बाहेर निघून जातील. पण हात धुवायला घेतले. त्रिंबक, मला त्या वेळी भीती वाटली, खोटं कशाला सांगू? दाढेची नाही. आता हात चालला नाही तर हा माणूस पुन्हा कधी हात धुणार नाही, याची वाटली. मी डोळे मिटून घेतले, कारण मी बघतेय हे यांना दिसायला नको होतं.

सुई टोचताना बोटं नीट वळली नाहीत. निम्मं औषध हनुवटीवरून ओघळलं. "पुन्हा टोचू का?" म्हणाले. मी मान हलवली, बस्स म्हटलं. मग तुझा चिमटा घेतला. कोपर अंगाशी धरलं, तुला सांगतात तसंच. एकदा दाबलं, दाढ हलली नाही. पण चिमटा निसटला नाही. दुसऱ्यांदा श्वास धरून वळवलं, मुळं करकरली आणि बाहेर आली. आख्खी आली, तिन्ही मुळांसकट.

चिमट्यातली दाढ खिडकीच्या उजेडात धरून किती वेळ बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, घाम गेला डोळ्यात. मी तोंडात कापूस घेऊन बसलेली, काय बोलणार? मला तर वाटलं, जागीच उभं राहून यांच्या हाताचा मुका घ्यावा. पण खालून कुणीतरी दार वाजवलं. एक माणूस गाल धरून आला होता. हत्यारं उकळलीत का म्हणून विचारत होता. हे म्हणाले, "उकळली. या."

संध्याकाळी तुझा तो जाड टाक घेऊन बसले. एक एक अक्षर हत्तीएवढं, ओळ वर चढलेली, पण स्वतःच्या हातानं. मी शेजारी रिकामी बसून होते. काय लिहिलंय ते जसंच्या तसं देते:

'मूठ जाड असावी, पोकळ असावी, खाचा खोल असाव्यात. बारीक मुठीने माझा हात अधू केला आहे. हे मी आजवर कोणास सांगितले नाही. जाड मुठीने आज दाढ काढली. जे तरुण आहेत त्यांचे हात तरी वाचावेत. इंद्रभान.'

दुसऱ्या दिवशी ते घेऊन बद्रीनाथजींकडं आणि कारभाऱ्यांकडं गेले. मला वाटलं भांडण होईल. दोघांनी वाचलं, दोघंही आपापल्या अंगठ्याकडं बघत बसले आणि मुकाट खाली सह्या करून दिल्या. दुर्गाबाई नि उषाबाई आतून दाराआड उभ्या होत्या म्हणे. पाकीट कालच मुंबईला गेलं. पाडव्याच्या आधी पोचतंय. रखमाजीदादाला कळव की नांगराला दुसरा माणूस बघ.

एक राहिलं. पाकीट चिकटवायच्या आधी यांनी मला विचारलं, "खरं सांग, दुखलं का? मत देतोय, खोटं नको जायला." मी म्हटलं, "बिलकुल न्हाई." त्यांनी लगेच शेवटी एक ओळ वाढवली: 'रोग्यास वेदना झाली नाही.'

त्रिंबक, तुला म्हणून सांगते, ब्रह्मांड आठवलं. पण साचे पडेपर्यंत हे कुणाला बोलू नकोस.

तुझी,
अक्का